मशीनचे वाटे

भाव करताना मी कधी खुर्चीत बसत नाही. बसलेल्या माणसाला चहा येतो, चहा घेतला की तोंड गोड करावं लागतं आणि तोंड गोड झालं की भाव गेला. मिठागरात पाट्या वाहायचो तेव्हा मुकादमाशीही उभ्यानेच बोलायचो. पुढे मुरुमाच्या गाड्या घातल्या, जमिनींच्या व्यवहारात पडलो, बिल्डरांच्या काचेच्या ऑफिसांत गेलो, तिथेही उभाच. पनवेलच्या बाजारात माझ्याबद्दल म्हणतात, हा यमाशीसुद्धा घासाघीस करेल. म्हणणारे हसत म्हणतात. मी ती करून पाहिली आहे आणि जमत आलेला सौदा माझ्याच माणसांनी मोडला.

आमचं गाव पळस्प्याच्या अलीकडे. हायवेलगतच्या शेतांत एका ट्रस्टने हॉस्पिटल बांधलं. इमारत उभी राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की अॅम्ब्युलन्स आत न्यायला जो सरळ रस्ता हवा, तो आमच्या गावतळ्याच्या बांधावरून जातो. बांध गावकीचा. गावकी म्हणजे गावातल्या सगळ्या चुलींची मिळून आमची आपली पंचायत. तिच्या होकाराशिवाय बांधावरचा दगडही हलत नाही. ट्रस्टची माणसं आली, देवळाचा जीर्णोद्धार करून देतो म्हणाली, कमान बांधतो म्हणाली. गावकी कमानीवर खूश झाली होती. मी मध्ये पडलो. म्हटलं, कमान काय चाटायची? डायलिसिसचं एक मशीन द्या. सकाळची पहिली पाळी, आठवड्याचे सहाही दिवस, कायमची आमच्या गावाची.

लोक म्हणतात, मी हे वहिनीसाठी केलं. केलंच. माझ्या मोठ्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि साखरेने तिच्या दोन्ही किडन्या खाल्ल्या होत्या. आठवड्यातून तीनदा मी तिला गाडीत घालून पार वाशीला न्यायचो. कळंबोलीच्या सर्कलला गाडी अडकली की ती मागच्या सीटवर डोळे मिटून बसायची. तिच्या गप्प बसण्याने माझं डोकं जास्त फिरायचं. घराजवळ मशीन येणार असेल तर मी बांध काय, डोंगर दिला असता. पण सहा दिवस होते आणि वहिनीला तीन पुरत होते. बाकीचे तीन गावात दुसऱ्या कोणाला तरी मिळालेच की.

ट्रस्टने मशीन कबूल केलं, पण एक मेख मारली. पाळीवर कोणाला घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. हे ऐकून मी टेबलावर मूठ आपटली. डॉक्टर तुमचा, पगार तुमचा. वर्षभरात आमच्या पाळीवर तुमचे पाहुणे झोपलेले दिसतील. गावाची पाळी, गाव ठरवेल. या एका अटीवर मी त्यांना तीन बैठका दमवलं. शेवटी मानले. हे कलम माझंच, आणि आजही मला ते चूक वाटत नाही. चूक गावात होती.

आता तळ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वैशाखात पाणी खाली गेलं की आमचं तळं मारतात. सगळा गाव पाण्यात उतरतो. निघालेले मासे बांधावर ताडपत्रीवर ओततात आणि त्यांचे वाटे घालतात. जितक्या चुली तितके वाटे, सगळे सारखे. जिताड्याचे तुकडे करून प्रत्येक ढिगात एकेक, मग मरळ, मग कोळंबी ओंजळीने. कोणाच्या घरात दहा खाणारी आहेत आणि कोणाच्या घरात एकटी म्हातारी, हे विचारायचं नाही. मग गुरव तळ्याकडे पाठ करून उभा राहतो. गावकीचा अध्यक्ष काठीने एकेका ढिगाला टेकवून विचारतो, हा कोनाचा? गुरव न बघता नाव घेतो. ज्याचं नाव त्याचा तो वाटा. तो बदलायचा नाही, विकायचा नाही. पूर्वी काही पैसेवाले बांधावरच गरिबांचे वाटे उचलायचे, म्हणून हा नियम. आणि आणखी एक रीत आहे. त्या दिवशी बांधावर जो कोणी परका उभा असेल, फेरीवाला असो की रस्ता चुकलेला, त्याचाही एक वाटा घालायचा. गुरव त्याला नाव देत नाही. "काठावरचा," एवढंच म्हणतो.

वहिनी या गावची मुलगी. आम्ही उरणकडून मिठागरावर कामाला आलेली माणसं, आमची इथे चूल नव्हती. भावाचं तिच्याशी लग्न झालं तेव्हा कुठे आमचा वाटा पडू लागला.

मशीन आलं तेव्हा गावात डायलिसिसवर दोघंच होते. वहिनी आणि आमचे जुने गुरुजी, ज्यांनी मला पाचवीपर्यंत शिकवलं आणि पाचवीत नापास केलं. सोमवार, बुधवार, शनिवार वहिनी. उरलेले तीन दिवस गुरुजी. वहिनी चालत जायची. मी गाडी काढली तर म्हणायची, तुजी गाडी ठेव लगीनघाईला. तिच्या डाव्या हाताला शिरा जोडून फिस्टुला केला होता, त्यातून रक्त मशीनमध्ये जातं. त्यावर बोट ठेवलं की आत गूं गूं लागायचं. ती म्हणायची, माज्या हातात भुंगा बसलाय, आईक. पहिल्यांदा मी कान लावला आणि दचकलो. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. दोन वर्षं अशी बरी गेली.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. आजूबाजूची डायलिसिसची केंद्रं एकेक करून बंद पडली किंवा कोविडला दिली गेली. आमच्या हॉस्पिटलातली बाकी मशीनं दिवसभर भरलेली. कोविडने किडनी गेलेले लोक मजल्यावर रांगेने. आमची सकाळची पाळी तेवढी करारामुळे वाचली होती.

त्याच सुमारास माझ्या चाळीतला एक भाडेकरू गावकीकडे गेला. मूळचा बीडकडचा. तळोज्यातल्या केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे पाळीवर होता. बायको आणि एक लहान मुलगी. वर्षभरापासून तोही डायलिसिसवर होता, रोडपालीच्या पुढे कुठेतरी जायचा. ते केंद्र बंद झालं. तो माझ्याकडे आला नाही, सरळ अध्यक्षाकडे गेला. याचा मला पहिला राग.

अध्यक्ष माझ्या बरोबरीचा. लहानपणी आम्ही एकाच डबक्यात म्हशी बसवल्या. पुढे मी पैसा केला आणि त्याने मान कमावला, आणि दोघांनाही दुसऱ्याचं खुपतं. देवळाच्या मंडपात सभा बसली, सगळे तोंडाला फडकी बांधून लांब लांब. मी नाकाखाली मास्क घेऊन उभा होतो. अध्यक्ष म्हणाला, शेठ, मास्क पन घासाघीस करून घेतला वाटतं, अर्धाच मिलालाय. लोक हसले. हे हसणं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मी म्हटलं, तो माणूस गावचा नाही. त्याचं रेशन कार्ड इथलं नाही, मत इथलं नाही, चूल माझ्या खोलीत भाड्याची. अध्यक्ष शांतपणे म्हणाला की चूल नसेल, पण तो काठावर उभा आहे. पुढे बोलायची गरजच नव्हती. तीन माणसं, सहा दिवस, दोन-दोनचे वाटे.

मी हॉस्पिटलात डायलिसिस बघणाऱ्या डॉक्टरबाईंना विचारून आलो होतो. ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. डायलिसिस म्हणजे मासे नव्हेत. गुरुजींना अजून लघवी होते, त्यांना दोनदा झालं तरी भागतं. वहिनीला थेंब होत नाही. प्यालेलं प्रत्येक घोट पाणी अंगात साठतं आणि तिचं हृदय आधीच थकलेलं आहे. तिला तीन लागतातच. गुरुजींना दोन आणि त्या तरुणाला निदान एक, त्याचं शरीर अजून ओढेल. बाई असं म्हणाल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या होत्या की वहिनींना तीन हवेत. बाकी दोघांचं मी असं तोंडाने सांगू शकत नाही. पण हिशेब कोणालाही कळत होता.

"आज तुज्या वयनीला तीन," अध्यक्ष म्हणाला, "उद्या माज्या घरचा आजारी पडला की मी पन डाक्टराची चिठ्ठी आनीन. मग ज्याची चिठ्ठी मोठी त्याचा वाटा मोठा. ते नको. सारके वाटे हायेत म्हनून गाव हाय."

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या बापापर्यंत गेलो. तोवर गुरव उठून मूर्तीकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला होता. अध्यक्षाने पायरीवर काठी टेकवली. सोमवार-गुरुवार, हा कोनाचा? गुरव म्हणाला, काठावरचा. मंगळवार-शुक्रवार गुरुजींचा. राहिला बुधवार-शनिवार, तो वहिनीचा.

म्हणजे तिचा सोमवार गेला. शनिवारी मशीनवरून उठली की थेट बुधवार.

गुरुजी सभेला आले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या ओटीवर गेलो. म्हटलं, गुरुजी, तुम्हाला दोनचा त्रास नाही, एक दिवस वहिनीला द्या, गावकीला मी बघून घेतो. त्यांनी चष्मा काढून पुसला. हा माणूस आयुष्यभर आम्हाला त्यागाच्या गोष्टी सांगत आला होता. ते म्हणाले, "मी रात्री मोजत बसतो रे, किती लघवी झाली. मला पण भीती वाटते." मी उठलो. खोटं बोलले असते तर भांडता आलं असतं.

दुसरीकडे जागा मिळते का, तेही पाहिलं. पैसा होता, आणि पहिल्यांदाच तो रद्दीसारखा वाटला. खारघरला गेलो, नेरूळला गेलो, नगरसेवकांचे फोन लावले. सगळीकडे एकच, नवीन पेशंट घेत नाही. एका ठिकाणी वॉचमनने गेटच्या आतूनच हात हलवला. मी त्याच्याशी भाव करायला लागलो होतो, वॉचमनशी.

दर सोमवारी वहिनी फुगायची. पायांवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. मंगळवारपर्यंत तिला आडवं होता येत नसे. उशा रचून बसून झोपायची. दिवसभराचं पाणी एका फुलपात्रात मोजून ठेवलेलं असायचं आणि ती त्याच्याकडे बघत बसायची. बर्फाचा खडा तोंडात धरायची, तो विरघळला की रडवेली व्हायची. ही बाई भाऊ गेला तेव्हा चारचौघांत रडली नव्हती.

तेव्हा मी भाडेकरूकडे गेलो. चाळ माझ्या घराच्या मागेच. तो दाराबाहेर बसला होता. त्याचंही तोंड सुजलेलं, पण डोळ्यांत अजून तेज होतं. मी उभा राहिलो. तो उठू लागला, त्याला बसवलं. त्याला म्हटलं, तुझा सोमवार मला दे. भाडं माफ, ही लाट संपेपर्यंत किराणा माझा, आणि तळोज्यात ठेकेदार ओळखीचा आहे, तुझी नोकरी जाणार नाही हे मी बघतो. तू अजून तरणा आहेस, गुरुवारवर काढशील. त्याने विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? मी म्हटलं, डॉक्टर तेच म्हणतात.

त्याची बायको आतून ऐकत होती. पुढे येऊन तिने एवढंच विचारलं, "आणि नाही म्हटलं तर खोली सोडावी लागंल का, शेठ?"

मी तसं म्हटलं नव्हतं. पण नाही असंही म्हटलं नाही. भाव करताना समोरचा स्वतःच आपली किंमत खाली आणत असेल तर मधे बोलू नये, हे मी मिठागरात शिकलो. तो बायकोकडे बघून म्हणाला, देतो.

हा सौदा मला अजूनही योग्य वाटतो. त्याच्याकडे जे थोडं जास्त होतं ते मी घेतलं, आणि जिच्याकडे नव्हतं तिला दिलं. डॉक्टरबाईंच्या हातात असतं तर त्यांनीही जवळपास असंच केलं असतं, फक्त गोड शब्दांत. त्यांना मी सांगितलं की गावाने बदल केला आहे. करारात गाव ठरवणार होतं. त्यांनी मान हलवली. वहिनीला सांगितलं की तो माणूस सोमवारी दुसरीकडे जातो, त्याची सोय झाली.

वहिनीचे सोमवार सुरू झाले. लगेच फरक पडला. आडवी झोपू लागली. एका दुपारी मागच्या दारी बसून तिने वालाच्या शेंगा सोलल्या आणि माझ्या बायकोला शिव्या दिल्या की वाल कसले निबर आणलेस. मी त्या शिव्या ओसरीवरून ऐकत होतो आणि मला वाटलं, मी जिंकलो.

मग एका सोमवारी सकाळी मी गाडी काढून हॉर्न वाजवला आणि ती आली नाही. मागे गेलो. तिची चूल वेगळी होती, मागच्या खोलीत, तिच्याच हट्टाने. ती उंबऱ्यावर बसली होती. साडी नेसलेली, पिशवी भरलेली, आणि हलायचं नाव नाही.

म्हणाली, आदल्या दिवशी चाळीच्या नळावर ती भाडेकरणीशी बोलली. पोरीने सांगितलं, बाबा निजून असतो, बाबाचे पाय मोठे झालेत. सोमवारी कुठे जातो म्हणून विचारलं तर बाईने डोळ्याला पदर लावला. वहिनीने आत जाऊन त्याला पाहिलं होतं.

मी समजावलं. मग तापलो. म्हटलं, तुला काय करायचंय कोणाचे पाय मोठे झाले त्याच्याशी? तू तुझे पाय बघ. तो तरणा आहे, ओढेल. तुझ्यासाठी मी काय काय केलंय आणि तू परक्यासाठी मरायला बसलीस. माझा आवाज चाळीपर्यंत जात होता, जाऊ दे म्हटलं.

ती माझं सगळं बोलणं संपेपर्यंत थांबली.

"तुजी आई टोपली घेऊन त्या बांधावर उभी असायची," ती म्हणाली. "मी परकरात होते. तू तिचे पदराला धरून. गुरव बोलायचा, काठावरचा. मग तुमचे घरात मच्छी शिजायची. तो वाटा कोनी इकत घेतला असता तर?"

मी म्हटलं, तो मासा होता वयनी, हा जीव आहे.

"तुला तवा मासा वाटला असंल," ती म्हणाली. "तुजे आईला नाय वाटला."

मी तिला उचलून गाडीत घालणार होतो. हात पुढेही केला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की हात मागे घेतला. ती म्हणाली, माजा बुधवार हाय, माजा शनवार हाय, तेवडं मना पुरंल. जा, त्याला घेऊन जा, गाडी काडलीच हाय. मी नाही नेलं. गाडी तशीच दारात ठेवून घरात जाऊन बसलो. त्याच्या बायकोने कुठूनतरी रिक्षा आणली आणि ती रिक्षा माझ्या गाडीमागून वाट काढत गेली.

पुढचे बुधवार-शनिवार तिने निभावले. मी तिच्याशी बोलत नव्हतो. जेवण झालं का एवढंही बायकोकरवी विचारायचो. असा मी रागाचा पक्का.

मग एका मंगळवारी सकाळी बायकोने हाक मारली. वहिनी बसलेली होती, तोंडाने श्वास ओढत, प्रत्येक श्वासाला छातीत बुडबुड्यांचा आवाज. ओठ निळसर. मी तिला उचललं. पाण्याने इतकी जड झाली होती की पायऱ्यांवर माझे गुडघे वाकले. तळ्याच्या बांधावरून गाडी घातली. त्या रस्त्यावर, जो मी त्यांना दिला होता, अॅम्ब्युलन्सची रांग लागली होती. हॉस्पिटलच्या आवारात गाडी कशीबशी घुसवली. ऑक्सिजनचा एक बेड मोकळा नव्हता. एक नर्स पळत आली, गाडीतच सिलिंडर लावायचा म्हणाली आणि सिलिंडर शोधायला गेली.

मी वर पळालो. मंगळवार, गुरुजींचा दिवस. काचेतून दिसले, हाताला दोन नळ्या, मशीन फिरतंय, निम्मी वेळ राहिलेली. डॉक्टरबाईंना म्हटलं, त्यांना काढा. बाई म्हणाल्या, खाली आधी ऑक्सिजन लागू दे, मी बघते. आणि फोन उचलला. मी काचेवर हात आपटला. गुरुजींनी डोळे उघडले. मला पाहिलं आणि काहीही न विचारता मोकळा हात वर केला. वर्गात बोलायचं असलं की आम्ही करायचो तसा. मग त्या हाताने नळ्यांकडे दाखवलं. काढा.

पण माणसाला मशीनवरून खाडकन उठवता येत नाही. नळ्यांतलं रक्त आधी त्याच्या अंगात परत करावं लागतं. नर्सने बटणं दाबली. लाल नळ्या हळूहळू पांढऱ्या होत चालल्या. मी ते बघत उभा राहिलो नाही, खाली आलो.

गाडीचं मागचं दार उघडं होतं. सिलिंडर आला होता, मास्क तोंडावर होता, आणि माझी बायको तिचे पाय चोळत होती. मी वहिनीचा डावा हात हातात घेऊन मनगटाच्या वर बोट ठेवलं. मग दुसरं बोट ठेवलं. मग कान लावला. भुंगा थांबला होता. आवारात इतका गलका होता की माझ्या ऐकण्यात काही घोटाळा होत असेल असं वाटून मी बराच वेळ तसाच वाकून राहिलो. वर गुरुजींचं मशीन तोवर मोकळं झालं होतं.

दहनाला पाच माणसं. सगळीकडे तेच चाललं होतं, तक्रार कोणाकडे करणार?

तेराव्यानंतर गावकी बसली. मी गेलो. वाटलं होतं, निदान एक माणूस उठून म्हणेल की चुकलं. पुढे असं करायचं नाही, ज्याला जास्त लागतं त्याला जास्त, डॉक्टरला विचारू. मी भांडायची तयारी करून गेलो होतो. पहिल्यांदाच आयुष्यात असं वाटत होतं की भांडावं लागू नये. गुरुजी आले होते, भिंतीला टेकून. भाडेकरू मंडपाबाहेर चपलांजवळ.

अध्यक्षाने वहिनीचं नाव घेऊन दोन मिनिटं उभं केलं सगळ्यांना. त्याचे डोळे भरले होते, हे मी नाकारत नाही. ती त्याच्या चुलत्याची मुलगी. मग खाली बसून त्याने काठी पायरीवर टेकवली आणि म्हणाला, "आता दोगंच हायेत. तीन-तीन. वाटे बरोबर बसले."

त्याला वाईट असं काही म्हणायचं नव्हतं. ते मला तेव्हाही समजलं. पण मी त्याची गचांडी धरली. काठी हिसकून पायरीवर आपटली, तिचे दोन तुकडे झाले. चौघांनी मला ओढलं. मी म्हणत होतो, ती होती तेव्हा बसवायचे होते, ती होती तेव्हा. गुरव मात्र पाठ करून उभाच होता, जसा नेहमी असतो.

त्यानंतर मी गावकीत पाय ठेवलेला नाही. लाट ओसरल्यावर केंद्रं उघडली, आता पनवेलमध्ये हवं तिथे डायलिसिस मिळतं, पुन्हा पैशाला किंमत आली. लोक म्हणतात, झालं गेलं, तूही सोड. मी सोडत नाही. सारखे वाटे घालणं सोपं असतं. घालणाऱ्याला रात्री झोप लागते. माझं म्हणणं एवढंच आहे की तिच्या वाट्याला कमी पडत होतं, हे सगळ्यांना दिसत होतं. आणि तिलाही दिसत होतं, हे मात्र मी कोणाशी बोलत नाही.

तिची चूल विझली म्हणून तिचा वाटा बंद झाला. मी निरोप पाठवला, तो चालू ठेवा. गावकीचं उत्तर आलं, मेलेल्याचा वाटा पडत नाही. माझा मात्र दर वैशाखात पडतो. मी बांधावर जात नाही, म्हणून ते घरी पाठवतात.

यंदा तो भाडेकरू घेऊन आला. अजून त्याच खोलीत राहतो. मी भाडं वाढवलेलं नाही आणि त्यानेही कधी त्याबद्दल विचारलेलं नाही. आम्ही दोघं वाटेत समोर आलो तर तो बाजूला होतो. त्या दिवशी ओसरीसमोर उभा राहिला, हातात सागाच्या पानांत बांधलेलं पुडकं. खालून पाणी ठिबकत होतं. दुसऱ्या हाताला, कोपराच्या आत, कापसाचा बोळा चिकटपट्टीने लावलेला.

"शेठ, वाटा," तो म्हणाला.

मी आत होतो, तिथूनच विचारलं, आज मशीनवर गेला होतास?

"होय. सकाळीच झालं. आज सोमवार ना."

तो थोडा थांबला. मग पुडकं पायरीवर ठेवून मागच्या बाजूला गेला. उन्हाने सागाचं पान वर वळू लागलं आणि त्यातून जिताड्याचा तुकडा दिसायला लागला. बायको बाहेर आली, माझ्याकडे पाहिलं, विचारलं, उचलू का. दरवर्षी मी नाही म्हणतो आणि मांजरं खातात. या खेपेला मला हो किंवा नाही, काहीच म्हणता आलं नाही. ती तशीच दारात उभी राहिली.